पाईपाला माहेरची ओढ

तुमच्या घरात वाकण्यासारखं काही असेल, तर ते शरणूअण्णांच्या नजरेला पडू देऊ नका. आमच्या पडद्याची दांडी अशीच गेली. कोथिंबीर मागायला म्हणून आले, दांडीकडं टक लावून उभे राहिले, "सुनंदा, ही जरा नेतो" म्हणाले, आणि संध्याकाळी ती दांडी म्हशीच्या शिंगासारखी होऊन परत आली. वर मलाच विचारलं, "वाक कसा गुळगुळीत आलाय, बघितलीस का?" तेव्हापासून आमचा पडदा सुतळीवर आहे.

शरणूअण्णा आमचे शेजारी. आमच्या मुडबी गावात त्यांचं किराणा दुकान. अख्खा जन्म तूरडाळ जोखण्यात गेला, हातात कधी हातोडा धरला नाही. सत्तरीला टेकल्यावर दुकान मुलाच्या हवाली केलं आणि जाहीर केलं, की आपण विजेवरची सायकल करणार. विकत आणणार नाही, करणार. मोटार आणि बॅटरी पार्सलनं आली, चाकं भंगारातून आली, जोड मारायला वेल्डिंगवाला होताच. राहिला सांगाडा. तो म्हणे त्यांच्या मनासारखा कुणालाच जमणार नव्हता, म्हणून पाईप घरीच वाकवायचं ठरलं. आमच्या गल्लीची दुपारची झोप गेली ती तेव्हापासून.

पाईप नुसता वाकवला तर पोटात चेपतो. म्हणून त्यात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकायची आणि मग तापवून वाकवायचा, असं अण्णांनी मोबाईलवर बघितलं. वाळू कुठली घेतली? तर सुगलावैनींची. वैनी म्हणजे अण्णांच्या पत्नी. पंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडायची बारीक वाळू त्या वर्षभर डब्यात जपून ठेवतात. अण्णांनी ती स्वच्छ धुतली, आणि वाळवायची विसरून तशीच भरली. अंगणातल्या भट्टीत पाईप तापला, आत वाफ कोंडली, बूच सुटलं आणि माझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्र्यावर येऊन आदळलं. मी ब्लाऊजचं माप घेत होते. मी आणि ती बाई, दोघी टेबलाखाली. अण्णा धावत आले, पत्र्याचा पोचा न्याहाळला आणि म्हणाले, "वाळू वल्ली ऱ्हायली गं." पत्र्याबद्दल एक शब्द नाही.

त्या दिवशी वैनींनी भट्टी बंद पाडली. मग पाईप थंडच वाकवणं आलं. अंगणात जुन्या बैलगाडीचं चाक आडवं टाकलं, पाईपाचं एक टोक खुंट्यांत अडकवलं, आणि दुसरं टोक धरून नवराबायको चाकाच्या कडेनं ओढत फिरायला लागले. मनासारखा वाक आला की अण्णा कानडीत म्हणायचे, "साकु, साकु." म्हणजे पुरे. वैनी पदरानं घाम पुसत म्हणायच्या, "जेवताना कवा साकु म्हणला न्हाई, आन् इथं बरं आठवतंय."

पण थंड पाईप फार हट्टी. हात सोडला की थोडा मागं येतो. म्हणून हवा त्याहून जास्तच वाकवावा लागतो. यावर अण्णांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "पाईपाला बी माहेरची ओढ असतीय." गिऱ्हाईक असो, साबणाचा एजंट असो, मठातले स्वामी असोत, ज्याला त्याला हे ऐकावं लागे.

एकदा मी न राहवून विचारलं, "अण्णा, एवढी मरमर कामून करायलाव? शोरूममधून स्कूटर आणा की."

"शोरूमची गाडी उंच असतीय. मला पंचमीला अक्काला आणायचंय."

गंगाक्का ही अण्णांची थोरली बहीण. ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली. आमच्याकडं पंचमीला भाऊ बहिणीला आणायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. अण्णा दर वर्षी भाड्याची जीप घेऊन मुराळी म्हणून जायचे. दुसऱ्या दिवशी जीपवाला हॉर्न वाजवायला लागला, की अक्का ताटावरून उठायची. एरवी वर्षभर तिचं येणं नाही. त्या वाटेला बस नाही, गुडघे गेलेले, मोटारसायकलवर पाय चढत नाही, आणि मुलं गुणाची असली तरी "उद्या नेतो" म्हणणारी. चार घास खायला माहेरी यायचं, तर तेही दुसऱ्याच्या सवडीनं.

तेव्हा अण्णांना सांगाडा बुटका हवा होता. त्यासाठी ते गल्लीतल्या म्हाताऱ्यांना धरून आणत. "या, जरा पाय टाका बघू पलीकडं." माझ्या सासूबाईंनाही सोडलं नाही. त्या म्हणाल्या, "शरणू, मसणात जायच्या वयात मला सायकल शिकवायलास व्हय?" पण गेल्या. लुगडं सावरून पाय उचलला आणि तो पाईपाला अडकला. सांगाडा तर वेल्डिंग होऊन, रंग लागून तयार होता. दुसऱ्या दिवशी अण्णांनी तो कापायला दिला आणि पुन्हा नवीन पाईपात वाळू भरली. पंचमी तोंडावर आली होती. खरं सांगते, मला त्या दिवशी पत्र्याचा पोचा माफ करावासा वाटला.

सीटची कव्हरं मी शिवली. अण्णा म्हणाले, "फुडची चांगली रुंद कर, कापूस घाल. मागची कशीबी चालंल." मी मनात म्हटलं, बघा, म्हातारा शेवटी स्वतःच्याच बुडाचं बघतो.

पंचमीला सकाळीच अण्णा धुवट धोतर नेसून, हँडलला लाह्यांची पिशवी अडकवून गेले. गाडी आवाज न करता गल्लीतून गेली, आणि आम्ही सगळे पोरासोरांसारखे तिच्यामागं वेशीपर्यंत गेलो. दुपारी घंटी वाजली. बाहेर येऊन बघते तर पुढच्या सीटवर गंगाक्का. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, जीभ दातात धरलेली, नजर समोर. आणि मागं, माझ्या त्या कशाबशा सीटवर, शरणूअण्णा गाठोड्यासारखे बसलेले.

अक्कानं ब्रेक दाबला, पाय जमिनीला टेकवला आणि आमच्याकडं असं बघितलं, की माझा ऊर भरून आला. गाडी अण्णांची, सीट माझी, पाय माझ्या सासूबाईंनी मोजून दिलेला. अख्ख्या तालुक्यात असली गाडी नव्हती.

"शिकवलं कवा?" वैनींनी विचारलं.

"मी काय शिकवणार?" अण्णा उतरत म्हणाले. "आमच्या वडलांची सायकल आधी हिलाच चालवाया आली. माझी सीट धरून हीच पळायची. लगीन झालं, ही गेली, सायकल मला ऱ्हायली."

सण झाला. अक्का गाडी घेऊन एकटीच परत गेली. तिच्यासाठीच तर केली होती. वेशीवरून येताना मी थट्टेनं म्हटलं, "अण्णा, आता फुडल्या पंचमीला मुराळी कशाला लागतोय?"

"न्हाई लागायचा," ते म्हणाले. बैलगाडीचं चाक भिंतीला उभं राहिलं, वाळू वैनींच्या डब्यात परत गेली. अण्णा अंगणात उगाच येरझाऱ्या घालायचे. एके दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाले, "ती दांडी दे, सरळ करून देतो." मला त्यांची फार माया आली. मी दिली.

दांडी ठोकत बसले होते तेवढ्यात घंटी वाजली. ना सण, ना लगीन, साधा बाजाराचा दिवस. अण्णा हातोडा टाकून उठले.

"कामून आलीस, अक्का? काई झालं का?"

"काई न्हाई रे. उगंच आले. च्या टाक म्हण सुगलाला."

माझी दांडी तशीच अर्धी वाकडी राहिली. अण्णा मुलाला बाजूला सारून दिवसभर दुकानात बसले, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला, त्यानं विचारलेलं नसताना, सांगत राहिले, "अक्का आलीय. न्हाई, सण न्हाई. उगंच आलीय."