नजीरभाईंची फळी

ज्या फळीवर उभा राहून माणूस टेकडीवरून घसरतो, त्या फळीवर, त्याच्या पायाखाली, आपलं नाव यावं म्हणून लोक मागे लागतात असं कुणी मला सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, बाई, तुला ऊन लागलंय. पण मी स्वतः मागे लागले होते! नव्वद सालानंतरची गोष्ट, आम्ही आखातात अल ऐनला राहत होतो तेव्हाची.

नजीर मुकादम दापोलीकडचे. पन्नाशी उलटलेली, सुतारकाम करायचे. आमच्या स्वयंपाकघराची कपाटं बसवायला आले आणि चहा पिता पिता घरचेच झाले. एकदा टीव्हीवर बर्फातला खेळ लागला होता. पोरं फळीवर उभी राहून डोंगरावरून सुळकन खाली यायची. नजीरभाईंचा कप हातातच राहिला.

"वहिनी, फळीवर कायतरी लिवलंय."

"कंपनीचं नाव आहे," आमचे हे म्हणाले. "ते स्पॉन्सर. त्याचा सगळा खर्च ते करतात."

"म्हंजे आमच्या गावच्या क्रिकेटला असतं तसं! सौजन्य!"

"अहो, पण इथे बर्फ कुठला?"

"बर्फ म्हंजे काय, पांढरी वालूच ती!"

मग उठले, आमचा फ्रीझर उघडला, आतल्या बर्फावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "भुरभुरीत हाय. जमंल."

पंधरा दिवसांत फळी तयार. वर प्लायवूड, खाली आमच्याच कपाटांतला उरलेला सनमायका, त्यावर मेणबत्ती घासलेली, आणि पाय अडकवायला जुन्या चपलांचे पट्टे. शुक्रवारी नमाज झाला की शहराबाहेरच्या वाळूच्या टेकडीवर चढायचे आणि वरून ओरडायचे, "यल्ला, सरका, मी येतोय!" पहिले काही शुक्रवार फळी आधी यायची आणि नजीरभाई मागून, तोंडात वाळू घेऊन. मग हळूहळू दोघं एकत्र यायला लागले.

आता सौजन्य हवं. "सौजन्याशिवाय खेळ नाय" हे त्यांचं पालुपद. त्यांनी फळीवर ऑइल पेंटने 'शुभेच्छुक' असं लिहिलं आणि खाली नावं. कॅफेटेरियावाला मोईद्दीन. टॅक्सीवाला गुलखान. त्यांच्या वर्कशॉपचा अरबी मालक खलफान. आणि आम्ही, श्री. व सौ. पाटणकर. पैसे? एक दिरहम नाही घेतला कुणाकडून! अट एकच, ज्याचं नाव त्याने शुक्रवारी टेकडीशी हजर राहायचं. दोनदा दांडी मारली की नावावर सँडपेपर. गुलखानचं नाव तीनदा पुसलं आणि तीनदा लिहिलं.

नावांवर पाय पडायचे ना, म्हणून आधी प्रत्येक नावाला हात लावून "माफी हां" म्हणायचे. मोईद्दीन माफी हां, पाटणकरसाहेब माफी हां. एवढं होईपर्यंत आम्ही खाली डबे उघडून निम्मं जेवलेले असायचो. आमची मुलगी म्हणायची, "आई, ही इज सो कूल." मी म्हणायचे, कूल वगैरे ठीक आहे, गुडघा फुटला तर दाखवायला न्यायचं कुणी?

फळीचं पुढचं टोक मात्र कोरं. सगळ्यात ठसठशीत जागा तीच. यांनी मागितली, खलफानने मागितली. एकच उत्तर. "ती बुक हाय." आम्हाला वाटलं, मोठ्या कंपनीसाठी ठेवली असणार.

आणि ती कंपनी आली हो! यांच्या हॉस्पिटलमधल्या एका गोऱ्या डॉक्टरने नजीरभाईंचा फोटो दुबईतल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात दाखवला होता. तिथला डिसोझा नावाचा मॅनेजर, मूळचा मुंबईचा, एका शुक्रवारी गाडी घेऊन टेकडीशी हजर. नजीरभाईंना खाली येताना पाहिलं आणि टाळ्याच वाजवल्या.

"चाचा, तुम्हाला स्वित्झर्लंडला नेतो. खऱ्या बर्फावर! वाळूतला माणूस बर्फात, काय जाहिरात होईल! तिकीट, कपडे, बोर्ड, सगळं आमचं."

नजीरभाईंचे डोळे असे चमकले! माझी मात्र पंचाईत झाली. त्यांचं स्वप्न होतं, पूर्ण व्हावं असं मनापासून वाटत होतं; आणि हा माणूस गेला की आपले शुक्रवार खलास, हेही दिसत होतं. मनातल्या मनात देवाला म्हटलं, होऊ दे. लगेच म्हटलं, नको होऊ दे. देव तरी काय करणार!

"फक्त एक," डिसोझा म्हणाला. "यापुढे वाळूवरही आमचाच बोर्ड. ही नावंबिवं नकोत."

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "आमची पुसा हो, खुशाल पुसा!" गुलखान म्हणाला, "मेरा तो आदत है."

नजीरभाईंनी एकच विचारलं. "तुमच्या फळीवर पुढच्या टोकाला एका नावाची जागा द्याल?"

"तिथे तर आमचा लोगो येणार, चाचा."

"मग ऱ्हाऊ दे, हबीबी. जेवून जावा."

मी इतका मोठा श्वास सोडला की यांनी वळून पाहिलं. डिसोझा बिचारा मोईद्दीनचे पराठे खाऊन गेला, आणि पुढच्या शुक्रवारी शुभेच्छुकांत त्याचंही नाव होतं. "आला होता ना शुक्रवारी!" नजीरभाई म्हणाले.

त्याच दिवशी डबे आवरताना मी विचारलं, "नजीरभाई, कंपनीलाही दिली नाही. मग कुणासाठी हो ती जागा?"

ते फळीची वाळू झटकत राहिले. "जुबेदासाठी. आमचं घरातलं माणूस. लगीन झाल्यावर म्हयन्याभरात मी हितं आलो. ती कधी आलीच नाय, व्हिसा नाय बसला. हजर नाय, तर नाव कसं लिवणार?" मग कोऱ्या टोकावरून तळवा फिरवून म्हणाले, "तिथं पाय पडत नाय, वहिनी."

त्या दिवशी कुणीच नेहमीसारखं हसत घरी गेलं नाही. खलफानला यांनी हिंदीत सगळं समजावून सांगितलं. तो "इन्शाल्ला" म्हणाला. इन्शाल्ला म्हणजे विसरा, एवढं आम्ही तिथे शिकलो होतो. पण पुढच्या थंडीत त्याने खरंच जुबेदाचा व्हिजिट व्हिसा काढून दिला.

टेकडीखाली सतरंजीवर ती छत्री उघडून बसली. वरून "यल्ला, सरका!" ऐकू आलं तशी तिने छत्रीच तोंडासमोर धरली. नजीरभाई थेट तिच्या सतरंजीपाशी येऊन थांबले, खिशातून रंगाची डबी काढली आणि तिथेच बसून टोकावर नाव लिहिलं.

"माजं नाव वालूत घालताव?"

"वालूत कुठं? बघ ना, खाली सगल्यांत आधी तूच पोचतेस. मी तुझ्या मागून."

जुबेदाने ओढणी पुढे ओढली. मग म्हणाली, "वहिनी, यांना वाढा आधी. कवाचे उपाशी घसरताहेत."