हात दाखवण्याचा कार्यक्रम

रविवारी सकाळी मोर द्वारकाचा हात बघायला आला, तेव्हा तिने पोहे केलेले नव्हते.

गोंदायचं चित्र आधी हात बघतं आणि पसंत पडला तरच त्यावर उतरतं, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. सोबत कुणीतरी पोक्त हवं म्हणून मोराने एक कमळ आणलं होतं. दोघांना घेऊन आली होती इंदूताई, गावातली गोंदणारी. हाताची तारीफ करायची, जमलं की सुई चालवायची, एवढंच तिचं काम. पोहे शेवटी वहिनीने केले आणि वर लिंबाची फोडही ठेवली.

"हात पुढे कर बघू," कमळ म्हणालं.

द्वारकाने हात पुढे केला. ती वीज कंपनीत वायरमन होती. खांबांवर चढून चढून तळवे रापले होते.

"कामसू आहे हो हात," इंदूताई घाईने म्हणाली.

"मनगटाच्या वर हा डाग कसला?" मोराने विचारलं.

"भाजल्याचा. वादळात तार तुटली होती. दवाखान्यात लाइट आणायची होती. आणली."

मोराने कमळाकडे पाहिलं. "पिसारा मोठा काढला तर झाकला जाईल. आमची हरकत नाही. फक्त पुढे त्याचा विषय निघता कामा नये."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. मोर नाराज होऊन गेला, तर त्या हाताकडे पुन्हा कुठलं चित्र फिरकत नाही. द्वारकाला मात्र संताप आला. झाकायचं काय त्यात? अख्ख्या हातावर तिचं स्वतःचं असं तेवढंच होतं.

"आता मी विचारते," ती म्हणाली. "उंचावर तुम्हाला गरगरतं का?"

"चित्रांना असं विचारत नाहीत," कमळ म्हणालं.

"मी विचारलं."

मोर पोह्यांतले शेंगदाणे वेचत राहिला. "गरगरतं," तो म्हणाला.

"मग मला मोर पसंत नाही."

पाहुणे बश्या तशाच ठेवून निघून गेले. इंदूताई जागची हलली नाही.

"आता तुझ्यासाठी चित्र आणू कुठून, बाई?"

"आणायचं कशाला? तुम्हाला काढता येत नाही का?"

हे इंदूताईला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. जन्मभर ती दुसऱ्यांची चित्रं घरोघरी नेत आली होती. तिने डागावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"ही ठिणगी," ती म्हणाली. "खाली खांब हवा. जरा वाकलेला."

"वाकलाच होता तो वादळात," द्वारका म्हणाली.

पुढच्या रविवारी इंदूताई रीतीप्रमाणे स्वतः काढलेल्या खांबाला घेऊन आली. डागाबद्दल त्याने काही विचारलं नाही. तो भिंतीशी उभा राहिला.

"चालून दाखव," द्वारका म्हणाली.

खांब चालला. उंबऱ्यापाशी अडखळला, पण चालला.

येताना त्याने पोहे करून आणले होते. द्वारकाने एक घास खाल्ला, मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि बाही वर केली.