यंत्र काही बंद पडेना!

"उद्या यंत्र स्वतःच्या तोंडाने सांगेल, दोष कोणाचा ते!" गंभीररावांनी जेवताना जाहीर केलं.

"आणि माझ्या दादाचा निघाला तर?" बायकोने विचारलं.

"तर मी चकार शब्द काढणार नाही," गंभीरराव म्हणाले, आणि फार दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

प्रकरण असं होतं. औषधाच्या गोळ्या मोजून पाकिटात भरणारं कारखान्यातलं यंत्र अधूनमधून मान टाकायचं आणि आपलं आपण पुन्हा सुरू व्हायचं. सुरू होताना मात्र पाटी कोरी! काय करताना बंद पडलो, काही आठवत नसे. यंत्राचा प्रोग्राम गंभीररावांचा, मोटर मेहुण्याच्या ताब्यात. मेहुणा म्हणे प्रोग्राम बिघडलाय, गंभीरराव म्हणत मोटर. साहेबांनी बजावलं होतं, आठवडाभरात कारण सापडलं नाही तर प्रोग्रामवाला नवा येईल. मोटरवाला का नाही, हे विचारायची गंभीररावांची छाती झाली नाही.

म्हणून त्यांनी यंत्राच्या मेमरीतला एक कोपरा राखून ठेवला. यंत्र बंद होऊन चालू झालं तरी तो पुसला जायचा नाही. यंत्र जे जे करील त्याची नोंद तिथे. आता ते फक्त एकदा बंद पडायचं होतं!

आणि ते पडेना.

रोज मान टाकणारं यंत्र ठणठणीत चालायला लागलं! गंभीरराव समोर स्टूल टाकून बसले, श्रीमंत सासऱ्याच्या उशाशी जावई बसतो तसे. पाकिटं धडाधड बाहेर पडत होती. कामगार खूश, साहेब खूश. त्यात मेहुण्याने नेमकं त्याच सकाळी मोटरीवर फडकं फिरवलं होतं.

"वा! फडकं मारलं आणि काम झालं!" साहेबांनी मेहुण्याची पाठ थोपटली.

"साहेब, ते दुरुस्त झालेलं नाही हो!" गंभीरराव कळवळले. "नोंदी ठेवता ठेवता ते जरा हळू चालतंय, म्हणून चूक दडून बसलीय. नोंदी काढल्या की पडेल!"

"चालतंय ना? मग चेहरा सुतकी कशाला?"

गंभीररावांना खरंच रडू येत होतं. आठवडा संपत आला, कारण सापडलं नव्हतं, आणि श्रेय फडक्याला! शेवटी त्यांनी साहेबांना आणि मेहुण्याला यंत्रासमोर उभं केलं. "आता बघाच!" म्हणत राखलेला कोपरा काढून टाकला आणि बटण दाबलं.

यंत्राने चार पाकिटं भरली, ठसका लागल्यासारखा आवाज केला आणि मान टाकली. गोळ्या फरशीभर!

"बघितलंत?" गंभीरराव आनंदाने ओरडले.

"बघितलं," साहेब म्हणाले. "चालत्या यंत्राला हात लावलात आणि ते पडलं. आता सांगा, कशाने पडलं?"

गंभीररावांनी नोंदी बघायला यंत्राकडे हात नेला. सांगणारा कोपरा त्यांनी आत्ताच स्वतःच्या हाताने पुसला होता. यंत्र पुन्हा सुरू झालं. त्याला काहीच आठवत नव्हतं.

ते घरी पोचायच्या आत नोकरी गेल्याचा मेहुण्याचा फोन पोचला होता. बायकोने पाणी दिलं.

"अहो, ते तुमचं नोंदींचं काढलं नसतं तर यंत्र चालत राहिलं असतं ना?"

"हो."

"आणि नोकरीही?"

"...हो."

"मग राहू द्यायचं होतं की तसंच!"

गंभीररावांनी ग्लास खाली ठेवला. हे त्यांना सुचलंच नव्हतं.