बाबांना खुर्ची द्या

टॉवेल झाकायला म्हणून मी समुद्र लावला, तिथून सगळं सुरू झालं.

आमच्या दुबई सिलिकॉन ओएसिसच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालायचा स्टँड हॉलमध्येच असतो. (बाल्कनीत कपडे दिसले तर बिल्डिंगवाले दंड करतात. आमचे टॉवेल पाहिले तर तो दंड तुम्हालाही योग्यच वाटेल.) त्या दिवशी ऑनलाइन मीटिंगला माझ्यामागे चार टॉवेल आणि एक लेंगा लटकत होता, म्हणून मी बॅकग्राउंडला नारळाची झाडं आणि निळं पाणी लावलं.

नेमकं त्याच मीटिंगमध्ये आमचे बॉस हम्माद सर यांनी नवा क्लायंट जाहीर केला. बेटांवर राहून लॅपटॉपवर नोकरी करणाऱ्या मंडळींसाठी ॲप बनवायचं होतं. त्या कामाचा लीड कोण, यासाठी दोन नावं होती, कुशलचं आणि माझं. कुशल माझ्याहून पुष्कळ लहान आहे आणि मी कित्येक वर्षं 'पुढच्या वेळी नक्की, इन्शाल्ला' या पदावर काम करतोय. ही संधी गेली तर पुढची वेळ माझ्या रिटायरमेंटचीच होती.

"लीड वोही बनेगा जो खुद ऐसा रहता है," सर म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्या चौकोनाकडे गेलं. "सूर्यकांत! तुम आयलंड पे है?"

अशा वेळी शहाण्या माणसाने 'नाही सर, मागे टॉवेल आहेत' असं सांगावं. मी म्हणालो, "येस सर. थायलंड साइड."

कंपनीत कुठूनही काम करायची मुभा होती, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. मी मात्र घरातच हद्दपार झालो. अकाउंट्समधल्या शोभना मॅडम शेजारच्याच टॉवरमध्ये राहतात. बेटावरचा माणूस त्यांना खाली सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर निवडताना दिसून चालणार नव्हतं. मी पडदे ओढले, फुलाफुलांचा शर्ट घातला आणि स्पीकरवर लाटांचा आवाज सुरू केला. दिवसभर स्वतःचं टक्कल बघावं लागू नये म्हणून स्क्रीनवरचा माझा चौकोन मी नेहमी लपवून ठेवतो, तसाच तो तेव्हाही लपवलेला होता.

"बाबा, धिस इज लिटरली फ्रॉड," मुलगी आभा म्हणाली.

"बेटावर राहणाऱ्यांनी निदान कपड्यांच्या घड्या कराव्यात," बायको म्हणाली. तिचं नाव विभावरी.

मग पितृपंधरवडा आला. ज्या दिवशी क्लायंटसमोर लीड ठरायचा होता, त्याच दिवशी माझ्या वडिलांची तिथी निघाली.

"आज तरी रजा घ्या," विभावरी म्हणाली.

"आजच्या दिवशी रजा? वेडी आहेस का?"

तिने खीर-वडे केले, बेडरूममधला बाबांचा मोठा फोटो आणून हॉलमधल्या शेल्फवर ठेवला आणि त्याला झेंडूचा हार घातला. गच्चीला कुलूप असल्यामुळे काकबळीचं पान घेऊन ती पार्किंगपलीकडे कावळे शोधायला गेली. सर्दी झालेली आभा आत झोपली होती. अंधाऱ्या हॉलमध्ये मी, एसीची घरघर आणि लाटा, एवढेच उरलो.

मीटिंग सुरू झाली. क्लायंटच्या मॅडमनी विचारलं, समुद्र कसा आहे आज? "व्हेरी काम," मी म्हणालो.

शोभना मॅडमच्या तोंडून चमत्कारिक आवाज आला. "सूर्यकांत, तुमच्या मागे कुणीतरी आहे."

मी झटकन वळलो. सोफा होता, टॉवेल होते, शेल्फ होतं. शेल्फवर बाबा होते, पण ते फोटोत होते. माणूस असा कुणी नव्हता.

"कोण आहे?" मी विचारलं.

"म्हातारे गृहस्थ आहेत. काळी टोपी, पांढरा सदरा. छातीपर्यंत पाण्यात उभे आहेत." त्यांचा आवाज उतरला. "तुमच्याचकडे बघतायत हो."

माझ्या मानेवरून कुणीतरी बर्फ फिरवल्यासारखं झालं. काळी टोपी, पांढरा सदरा! बाबा दुसरं काही घालत नसत. मी लाटांचा स्पीकर बंद केला. त्याने उलट जास्तच भीती वाटायला लागली, कारण आता माझ्या पाठीमागे काहीतरी ठिबकतंय हे स्पष्ट ऐकू येत होतं.

"गेले," कुशल म्हणाला. "दादा, तुम्ही सरळ बसलात आणि ते गेले."

मी घाईघाईने हसलो. "अरे, इथले कोळी असतील. बीचवर येतात बरेच."

"परत आले," कुशल कुजबुजला. "दादा, तुम्ही काही सांगायला लागलात की ते येतात."

आता माझी बोबडीच वळली. बाबा वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. खोटं माप त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच कळायचं. लहानपणी मी थाप मारायला लागलो की माझी मान आपोआप एका बाजूला झुकायची, आणि बाबा एक शब्दही न बोलता मागे येऊन उभे राहायचे. त्यांनी मला कधी मारलं नाही, ते नुसते उभे राहायचे. तसे ते आता पुन्हा उभे होते.

पायाला गार लागलं म्हणून मी खाली पाहिलं. शेल्फपासून माझ्या खुर्चीपर्यंत फरशीवर पाण्याचे ठसे उमटले होते, एकापुढे एक. (सप्टेंबरच्या दमट हवेत आमचा एसी गळतो, हे मला माहीत होतं. पण ज्ञान वेळेवर आठवेल तर तो मी कसला!) मी पाय खुर्चीवर घेतले आणि मनातल्या मनात म्हणालो, बाबा, चुकलो, माफ करा, पण लीड तेवढा होऊ द्या.

"ये कौन है?" हम्माद सर गरजले.

माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "फादर, सर."

सरांचा चेहरा लाल झाला. "फादर पानी में खडा है और तुम कुर्सी पे बैठा है?"

"सर, ते..."

"इतना बुड्ढा आदमी! सुबह से खडा है! हबीबी, शरम नहीं आती? फादर को कुर्सी दो!"

"लाइफ जॅकेट घातलंय ते बरं केलं," क्लायंटच्या मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. "ऑरेंज रंग लांबूनही दिसतो."

"सर, अंकल का व्हिडिओ फ्रीज हो गया है," कुशल म्हणाला. "पलक तक नहीं हिल रही."

तेवढ्यात आभा नाक पुसत पाणी प्यायला आली आणि माझ्या स्क्रीनकडे बघून थबकली. तिने वाकून माझा लपवलेला चौकोन उघडला. "बाबा, व्हाय इज आजोबा इन द ओशन?"

मी माइक बंद केला. "तुलापण दिसले?"

"ऑफकोर्स. इट्स द फोटो. ॲपला वाटतं की आजोबा रिअल पर्सन आहेत. सो भिंत गायब, आजोबा राहिले. अँड यू कीप लीनिंग, मग ते मागून दिसतात." एवढं बोलून ती शिंकली आणि आत गेली.

मी सोळा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे.

माझ्यापुढे आता साधा प्रश्न होता. तो फोटो आहे म्हणावं, तर भर समुद्रात शेल्फ कुठून आलं? ते सांगायचं तर बेट जाणार, आणि बेटाबरोबर लीडही. आणि बेट राखायचं, तर बाबांना जिवंत ठेवणं भाग होतं. मी क्षणभर विचार केला आणि कॅमेरा बंद करून डायनिंगची खुर्ची ओढली. तिच्यावर उशा रचल्या, उशांवर बाबांचा फोटो टेकवला आणि कॅमेरा नि माइक पुन्हा सुरू केले. आता बाबा समुद्रात ऐसपैस बसले होते.

"अब ठीक," सर म्हणाले. मग छातीवर हात ठेवून त्यांनी बाबांना अदबीने सलाम केला. "अंकल जवाब नहीं देता?"

"सर, मौन व्रत. धार्मिक है."

सरांचे डोळे भरून आले. वडिलांना घेऊन बेटावर गेलाय, नोकरी करतोय, सेवा करतोय, असं ते क्लायंटला सांगायला लागले. माझी छाती फुगली. लीड झाल्यातच जमा होता.

"सूर्यकांत, फादर फर्स्ट. काम कुशल देखेगा. तुम एक महिना छुट्टी लो, अंकल का खिदमत करो." त्यांनी एचआरला तिथल्या तिथे सांगितलं. "बिनापगार, लेकिन सवाब, मतलब पुण्य, बहुत मिलेगा. यल्ला, खलास!"

विभावरी रिकामं पान घेऊन परतली. तिला कावळा मिळाला होता. मी झालेला प्रकार सांगितला. मला वाटलं, ती हसेल. ती फरशीवरचं पाणी पुसत राहिली.

"ते गेले तेव्हा सॉफ्टवेअरचं रिलीज होतं म्हणून तुम्ही एक दिवस सुट्टी मागितली नाहीत," ती म्हणाली. "अग्नी दिलेला याच खुर्चीत बसून लॅपटॉपवर बघितलात. आता घ्या महिनाभर."

मला फार लागलं ते. मी बाबांसमोर बसलो आणि त्यांच्याकडे सरळ बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मान झुकलीच, आणि या वेळी तर मी काही बोललोही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशलचा फोन आला. क्लायंटच्या मॅडमना काका, म्हणजे माझे बाबा, फार आवडले होते. इतकी वर्षं बिझनेस केला पण मीटिंगमध्ये मधे न बोलता ऐकून घेणारा माणूस पहिल्यांदाच भेटला, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येक डेमोला काका हवेतच, अशी त्यांनी अट घातली होती.

मी मुकाट्याने बाबांना लॅपटॉपसमोर बसवलं, समुद्र लावला, ताजा हार नीट केला आणि लिंक दाबली. ते लगेच आत गेले. मग आपणही जरा ऐकावं म्हणून मी किचनमध्ये जाऊन मोबाइलवरून तीच लिंक उघडली. मी रजेवर असल्यामुळे मला वेटिंग रूममध्ये ठेवण्यात आलं. मीटिंग संपेपर्यंत मी तिथेच होतो.