शामरावांची तिफण

शामराव शेतकी खात्यात ओव्हरसिअर होते आणि नवं अवजार आलं की आधी स्वतःलाच त्याला जुंपून घ्यायचे. थट्टा नाही. अंगात कोट, डोक्याला फेटा, धोतराचा काचा मारलेला आणि खांद्यावर जू. जोडीचा दुसरा बैल म्हणजे मी, त्यांच्या हाताखालचा फिटर. वाशीमच्या आमच्या वर्कशॉपमागे आम्ही दोघं वखर ओढत निघालो, की रस्त्यावरच्या बैलगाड्या थांबायच्या.

"साहेब, लोक हासून राह्यले."

"हासू दे. बैलाले बोलता येत नाई. त्याचं म्हननं काय हाये, हे कोनाले तरी समजाले पाह्यजे ना?"

'म्हननं काय हाये' हे त्यांचं पालुपद. एकदा लग्नाच्या पंगतीत बसायचा पाट डुगडुगला, तर गृहस्थांनी उठून तो उलटा केला आणि त्याचं म्हणणं ऐकत बसले. वाढपी वरणाची बादली घेऊन ताटकळत उभा.

शेतकऱ्याच्या घरातून शिकून वर आलेला माणूस. मेडशीला थोडी जमीन होती, ती त्यांच्या पत्नी दुर्गाकाकू सांभाळायच्या. तिफणीवर चाडं म्हणून लाकडी वाडगं असतं. मागून चालणारी बाई मुठीतलं बी त्यात सोडते आणि ते नळ्यांतून जमिनीत पडतं. मूठ सैल पडली तर बी सांडतं, आवळली तर जागा रिकामी राहते. काकूंच्या मुठीला शिवारात तोड नव्हती. मृग लागला की पहिली मूठ त्यांनीच धरावी म्हणून बायका त्यांना बोलवायला यायच्या.

मग शामरावांनी कडबा कापायचं एक यंत्र पारखायला म्हणून घरी नेलं. त्यात काकूंच्या उजव्या हाताची बोटं गेली. बोलावणी थांबली. मला शामरावांकडे पाहवत नसे.

पुढे दोन वर्षं त्यांनी एकच काम केलं. चाक फिरेल तसं पेटीतून आपोआप बी पडेल अशी तिफण. खात्याला सांगायचे, सुधारित अवजार आहे. मला ठाऊक होतं, काकू पुन्हा तिफणीमागे चालाव्यात एवढंच त्यांना हवं होतं.

मृगात आम्ही ती मेडशीला नेली. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अख्खा गाव जमला. शामरावांनी बैल हाकले, काकू मागून चालल्या, चाक फिरलं, बी मापात पडू लागलं. शामराव लहान मुलासारखे मागे वळून वळून पाहत होते. शेताच्या मध्यावर काकू थांबल्या.

"हे तं माह्यावाचूनच पेरून राह्यलं. मंग मी मांगं कायले चालू?"

"तुले तरास नको म्हनून..."

"बैलाचं म्हननं इचारता, पाटाचं इचारता. मले इचारलं कदी? डावा हात शाबूत हाये ना माहा!"

मला वाटलं, साहेब आता चिडतात. त्यांनी माझ्याकडे पाना मागितला. पेटी सोडली, चाक काढलं, दोन वर्षांची मेहनत मातीत ठेवली. मग गोठ्यातून जुनं चाडं आणून ते काकूंच्या डाव्या हाताला येईल असं बसवून दिलं.

काकूंनी बियाची ओटी बांधली, चाड्याला हात जोडले आणि चालू लागल्या. डाव्या हाताला वळण नव्हतं. बी कुठे भसकन सांडे, कुठे पडतच नसे. सुतभर चूक दिसली तरी आम्हाला फैलावर घेणारा हा माणूस मुकाट्याने बैल हाकत राहिला. मला मेल्याला उगाच रडू येत होतं.

ज्वारी उगवली ती कुठे दाटीवाटीने, कुठे नुसतं टक्कल. मी म्हणालो, "साहेब, रिकाम्या जागी हातानं बी टोबून घेऊ काय? वेळ हाये अजून."



"नको," शामराव म्हणाले. "तिनं पेरलं हाये."