आत माहं माणूस बसलं हाये

डोमाभाऊ हॉटेलात शिरतात, खांद्यावरच्या पोरीला खाली उतरवून बाकावर बसवतात, मालकाला सांगतात, "हिले शिरा द्या जी, लय गरम नोका देऊ," आणि स्वतः बाहेर येऊन पायरीवर बसतात. छपराखालच्या खुंटीला एक कान तुटलेला कप टांगलेला असतो. तो काढतात, आपल्या हातानं विसळतात आणि पुढे धरतात. वरून चहा पडतो. कोणी म्हणालं, "अहो भाऊ, बाहेर काऊन? आत बसा ना," तर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे.

"आत माहं माणूस बसलं हाये."

हे माणूस म्हणजे बुधी. तिला चालता येतं, पण थांबता येत नाही. बोलणं अजून चार-दोन शब्दांचं, आणि ते सगळे खाण्याचे.

खुंटीवरचा तो कप कोणासाठी असतो, हे चांद्यात कोणाला सांगावं लागत नाही. पण हे चांद्याबाहेरही कोणी वाचेल, म्हणून सांगतो. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवलं, त्यांनी हॉटेलातही बाहेर बसायचं. त्यांचा कप वेगळा. तो त्यांनीच धुवायचा, त्यांनीच टांगायचा. देश स्वतंत्र झाला, कायदा झाला, निवडणुका झाल्या. कप मात्र खुंटीवरच. मालकाला विचारा, तो म्हणतो, "कोनता कप? तो तं असाच टांगला हाये."

असाच! या 'असाच'वर मी तीन पत्रकं काढली. गुलाबी कागदावर, पदरच्या खर्चानं. 'चांद्याच्या हॉटेलमालकांना जाहीर सवाल!' या मथळ्यातलं उद्गारचिन्ह मी छापखान्यात भांडून मोठं करून घेतलं होतं. आठवड्याच्या आत तो जाहीर सवाल शेव बांधून माझ्याच घरी परत आला. डोमाभाऊंनी पुडी हुंगून पाहिली आणि म्हणाले, "कागद मजबूत हाये भौ. तेल फुटू देत नाई."

डोमाभाऊ आमच्या पठाणपुऱ्यात समोरच्या घरात राहतात. मूळचे चामोर्शीकडचे, जातीनं कुणबी. उभा जन्म गाडीवान म्हणून गेला. आता गाडी नाही, बैल नाहीत, बायको जाऊन वर्षं झाली, मूलबाळ नव्हतंच. जू मात्र अजून ओसरीत टांगलेलं आहे आणि दर पोळ्याला ते त्याला तेल लावतात. रस्त्यानंही गाडीच्या बाजूनं चालल्यासारखे चालतात. समोरून टांगा आला की तोंडानं 'हो हो हो' करतात, आणि टांग्याचा घोडा खरंच थांबतो. टांगेवाला शिव्या देतो.

सकाळी बुधीची आई राधाबाई लाकडाच्या डेपोवर साल सोलायला जाते. जाता जाता पोरीला डोमाभाऊंच्या ओसरीत सोडते. मग यांची स्वारी निघते. बुधी खांद्यावर, तिच्या मुठीत डोमाभाऊंचे कान. उजवा कान ओढला की जटपुरा दरवाजा, डावा ओढला की स्टेशन. दोन्ही ओढले की स्वारी चौकात उभी राहते आणि डोमाभाऊ विचारतात, "मालकीन, एक काईतरी सांग ना वं."

अशा रीतीनं या दोघांनी चांद्यातली झाडून सगळी हॉटेलं पालथी घातली. गावाकडून येणाऱ्याला चांदा म्हणजे केवढं शहर! कोर्ट आहे, स्टेशन आहे, गल्लीगल्लीला हॉटेल आहे. डोमाभाऊंचं प्रत्येक हॉटेलाबद्दल मत आहे आणि ते कोणी न विचारता देतात.

जटपुऱ्याच्या हॉटेलाबद्दल: "बाक उच्चा हाये. लेकराचे पाय लोंबतेत. लोंबत्या पायानं जेवन उतरत नाई."

तलावाकडच्या हॉटेलाबद्दल: "मालक बशीवर फुंकर मारत नाई. ज्याले फुंकर मारता येत नाई त्यानं हॉटेल कायले काढावं?"

मिठाईवाल्याबद्दल ते बोलत नाहीत. तिथे बुधीनं चाखून नापसंत केलेली जिलबी दुधाच्या कढईत फेकली होती. आरडाओरडा झाला, तेव्हा डोमाभाऊ पायरीवरून शांतपणे म्हणाले, "मी बाहेर हाये जी. आतलं तुमी पाहा."

हीच तर खुबी आहे. पोरीला भरवायला आत कोणी नसतं. मग मालकालाच फडकं खांद्यावर टाकून यावं लागतं, घास गार करावा लागतो, नाक पुसावं लागतं. शिव्या देत का होईना, चांद्याचे अर्धे हॉटेलमालक बुधीला भरवायला शिकले आहेत.

आता मुद्द्याचं सांगतो. बुधी डोमाभाऊंची कोणी नाही. ती लटारीची नात. लटारी हा डोमाभाऊंचा गाड्यांवरचा जोडीदार, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. दोन वर्षांमागे वारला. म्हणजे तो खुंटीवरचा कप खरं तर बुधीच्या वाट्याचा, आणि डोमाभाऊंच्या वाट्याचा बाक. हॉटेलवाल्यांना हे ठाऊक नाही. कोणी विचारतं, "नात काय भाऊ?" डोमाभाऊ म्हणतात, "मंग?" आणि चहा पितात. पण ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी पोरीच्या पुढ्यातली ताटली उचलली जाणार, हे मला दिसत होतं. राधाबाईलाही दिसत होतं. ती एकदा मला म्हणाली, "तिले कुठी बसवता ते मले नोका सांगू भाऊ. पोट भरून येते, तेवढंच सांगा."

माझं डोकं तापायचं ते इथेच.

"डोमाभाऊ, हे चोरून कशाला?" मी विचारी. "उघड सांगा, ही लटारीची नात आहे, आणि मग बसवा. मी साक्षीदार आणतो, पोलिसात तक्रार करतो. याला लढा म्हणतात!"

"आन तिच्या तोंडचा शिरा गेला तं?"

"अहो, तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"तत्त्व खाते काय ते?"

"बरं, निदान तुम्ही तरी आत बसा! तुमचं पायरीवर काय काम?"

"आत माहं—"

"माणूस बसलं आहे. ठाऊक आहे!" मी पाय आपटत निघून जाई. समाज असा मागे का राहतो, याचं जिवंत उदाहरण माझ्या समोरच्या ओसरीत राहतं, असं मी चार लोकांत बोलूनही दाखवलं होतं.

सगळ्या हॉटेलांत अव्वल नंबर स्टेशनजवळच्या गोविंदशेठचा. बाक ठेंगणा, शिरा मऊ आणि फुंकर दमदार. गोविंदशेठ देहानं प्रचंड, आवाज त्याहून मोठा. बुधी दिसली की गल्ल्यावरून ओरडे, "आली काय आमची शेठानी!" मग गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, स्वतः उठून ताटली आणे. बुधी त्याला 'शेत' म्हणे आणि दुसऱ्या कोणाच्या हातचं तिथे खात नसे. खुंटीवर कप मात्र त्याच्याकडेही होता. शेठाणीचा लाड करणारा हाच हात बाहेरच्या माणसाच्या कपात हातभर उंचीवरून चहा ओतायचा! मला हे बघवत नसे. मी मुद्दाम आतल्या बाकावर बसून मोठ्यानं पत्रक वाची. कोणी ऐकत नसे.

त्या दिवशीही मी वाचतच होतो. बुधी बाकावर, गोविंदशेठ समोर वाकलेला, डोमाभाऊ पायरीवर कप घेऊन. एवढ्यात लाकडाच्या डेपोवरचा मुनीम चहाला आला. बसता बसता त्यानं पोरीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि हसला.

"शेठ, कोणाला भरवताय? तुमची ही शेठाणी म्हणजे आमच्या डेपोवरच्या राधीची पोर. लटारीची नात."

गोविंदशेठचा हात घासासकट हवेत थांबला. मी ताडकन उठलो. "खबरदार! कायद्यानं—" असं सुरू केलं, पण माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. सगळे त्या घासाकडे पाहत होते.

पायरीवरून आवाज आला, "शेठ, लेकरू तोंड उघडून बसलं हाये."

बसलं होतंच. थोडा वेळ वाट पाहिली, घास काही येईना, तेव्हा बुधीनं मान पुढे केली आणि घासाबरोबर गोविंदशेठचं बोटही चावलं. शेठ कळवळून ओरडला. "डोमाभाऊ, तुमी मले फसवलं!"

"मी काऊन फसवू? तुमी इचारलं, नात हाये काय. नातच हाये."

"उचला तिले! गिऱ्हाईक पाहून राह्यलं!"

डोमाभाऊ जागचे हलले नाहीत. हातातला कान तुटका कप वर करून त्यांनी दाखवला. "मी कसा येऊ जी आत? मी हा कप पेलो. तुमचाच नेम हाये. तुमीच आना तिले बाहेर."

गोविंदशेठनं मुनीमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही पोर उचलण्याचा अनुभव नव्हता. शेवटी त्यानंच बुधीला काखेत धरून उचललं. उचललं की गळ्याला मिठी मारायची, एवढंच तिला ठाऊक. शिऱ्यानं भरलेले दोन्ही हात तिनं शेठच्या मानेभोवती टाकले. दारापर्यंत आणून तो तिला डोमाभाऊंकडे देऊ लागला. ती सुटेना. एक हात सोडवला की दुसरा घट्ट. "शेत, छिला!" असं तिनं त्याच्या कानात ओरडून सांगितलं.

"अवं सोड ना माय," गोविंदशेठ म्हणाला. एवढ्या मोठ्या देहातून तो आवाज आला यावर माझा विश्वास बसेना.

आणि मग तो पायरीवर बसला. डोमाभाऊंच्या शेजारी, धापा टाकत, आपल्याच हॉटेलाच्या बाहेर. मागे वळून ओरडला, "ताटली आना रे कोनी तरी!" कोणीतरी आतून ताटली सरकवली. शेठ डोमाभाऊंना शिव्या देत होता, प्रत्येक घासावर फुंकर मारत होता आणि भरवत होता. मुनीम चहा न पिता उठला आणि तिघांना ओलांडून निघून गेला. ताटली संपली. शेठनं उपरण्यानं पोरीचं तोंड पुसलं, मग स्वतःची मान पुसली, आणि कोणाकडे न बघता आत गेला. उद्या या म्हणाला नाही, येऊ नका म्हणाला नाही. कप होता तिथेच खुंटीवर गेला.

माझा संताप अनावर झाला होता. परतीच्या वाटेवर मी डोमाभाऊंना फैलावर घेतलं. "हा काय न्याय झाला? बाकावरची पोर पायरीवर आली! शेठ पायरीवर बसला म्हणून तुम्ही खूश? हक्क बाकाचा आहे! आणि तुम्ही, तुम्हाला तर आत बसायला कोणाची बंदी नाही. आत बसून भांडायचं सोडून रोज तो फुटका कप तोंडाला लावता. कशासाठी?"

बुधी त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

"लटारी आन मी जंगलातून लाकूड आनत होतो," ते म्हणाले. "भामरागडाकडून निघालो का रस्त्यानं एका गंजात भात, एका चुलीवर. चांद्यात आलो का मी हॉटेलात, तो बैलापाशी. मी म्हनो, चाल बे आत. तो म्हने, नोको गा, बैल बिचकतेत. मी आतून चहा पेता पेता लोकाईले सांगो, माह्या लटारीले बैलाचा लय लळा. चहासाठी बी सोडत नाई."

"तुम्हाला कपाचं ठाऊक नव्हतं?" मी जवळजवळ ओरडलो.

"ठावं होतं जी. ठावं कोनाले राह्यत नाई? पन मले वाटे, ते बाकीच्याईचं. आमचं तं बैलाचं हाये." त्यांनी पोरीला नीट सावरून धरलं. "मंग लाकूड न्यायले टरका आल्या. कोनी गाडी सांगेना. बैल इकले. एकदा आमी दोघं मोटारीनं चांद्याले आलो. मी हॉटेलात गेलो, बसलो, मांगं पाह्यलं तं हा पायरीवर. मी आतूनच आवाज देल्लो, अबे लटारी, आता काऊन बाहेर? आता बैल कुठी हाये?"

"मग?" मी विचारलं.

"मंग काई नाई. तो माह्याकडे पाह्यत राह्यला. आन त्यानं खुंटीवरचा कप काढला."

चौक आला होता. झोपेतच बुधीची मूठ आवळली आणि डोमाभाऊंचा डावा कान ओढला गेला. डावा म्हणजे स्टेशन.

"उद्या, मालकीन, उद्या," डोमाभाऊ हळूच म्हणाले. "शेठचा शिरा आज सरला. उद्या पुन्हा बाकावर बसून मांगजो."