नानांचं जाहीर खोटं

आमच्या गारखेड्यात पाणी आठवड्यातून एकदा येतं, पण नानांचं खोटं रोज सकाळी न चुकता येतं. चहाचा पहिला घोट घ्यायचा, मोबाइल उघडायचा आणि साऱ्या जगाला दिसेल अशी एक थाप ठोकून द्यायची, हा त्यांचा नेम.

बरं, नाना कोण? आमचे शेजारी, शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे सर! ज्या माणसानं उभ्या हयातीत पोरांची एक सनावळी चुकू दिली नाही, तो आता लिहितो, ‘वेरूळचं कैलास लेणं पाया घालून खालून वर बांधत नेलं.’ की खाली जुन्या विद्यार्थ्यांची झुंबड. ‘सर, ते वरून खाली कोरलंय, तुम्हीच शिकवलं होतं!’ ‘सर, तब्येत बरी आहे ना?’ एक विद्यार्थी डॉक्टर झालाय, त्यानं थेट मेंदू तपासायची वेळच देऊन टाकली.

नाना एकेक नाव बारकाईनं बघतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि म्हणतात, “होने दो.”

‘खरा हुरडा मक्याचाच,’ असं त्यांनी लिहिलं त्या दिवशी तर पडेगावपर्यंत ज्वारीवाले पेटले. शिव्यांच्या धगीनं मोबाइल असा तापला, की काकूंनी त्याच्यावर पापड भाजला. खोटं वाटत असेल तर सांगतो, पापड मी खाल्लाय. जरा कच्चा होता.

शेवटी मी हात जोडले. “नाना, लिहायचं तर लिहा, पण दोस्तांपुरतं ठेवा. सगळ्या दुनियेला कशाला दाखवता?”

“नाय! पब्लिकच पायजे.”

“अहो, पण का?”

काकूंनी आतून आवाज दिला, “सांगा की! तुमचा भाऊ दोस्तांत हाय का तुमच्या?”

नानांना भाऊ आहे हे मला तेव्हा कळलं. धाकटा, सोयगावला असतो. नानांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये त्याचं नाव छापायचं राहून गेलं. तो लग्नाला आला नाही, नानांनी समजूत काढली नाही, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

“मग फोन करा ना!”

“मी थोरला. मी कशाला करू?” नाना उसळले. मग आवाज खाली आला. “लहानपणापासून त्याला माझं चुकलेलं सहन व्हत नाय, गड्या. जेवता जेवता ताटावरून उठून माझी चूक काढायचा. कुठंतरी वाचत असंलच की. कधी ना कधी तोंड उघडंल.”

म्हणजे सगळं शहर गळाला लागत होतं आणि हवा तो मासा सोयगावात बसला होता!

दुसऱ्या दिवशी नानांनी मोठं आमिष लावलं. ‘लहानपणी मी शेतातल्या विहिरीत पडलो, तेव्हा माझा धाकटा भाऊ काठावर उभा राहून दात काढत होता.’

दुपारी नानांनी मला गेटवरूनच हाक मारली. मोबाइल माझ्यापुढं धरला. पोस्टखाली लिहिलं होतं,

‘साफ खोटं. विहिरीत मी पडलो होतो. दादानं कपड्यांसकट उडी मारली. त्याला पवायला येत नव्हतं. गड्यांनी दोघांनाबी दोरानं काढलं.’

“दादा लिव्हलंय,” नाना म्हणाले. “बघ, दादाच लिव्हलंय ना?”

“व्हय नाना, दादाच!”

त्यांनी चष्मा पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला. मग एका बोटानं टाइप करू लागले. मी वाकून पाहिलं. ‘मूर्खा, मला चांगलं पवायला येत होतं.’

“अहो नाना!” मी ओरडलोच. “आत्ता कुठं बोललाय तो. लगेच भांडता काय?”

नानांनी मान वर केली नाही.

“भांडू दे रे. लई वर्षं झाली, भांडलोच नाय आम्ही.”